मुद्रिका आणि टाहो : 'लंकादहन'मधील बेटाचा विचार

दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन' (१९१७) या मूकपटाविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्यात चित्रपटापेक्षा त्याच्या प्रेक्षकांचेच वर्णन अधिक आढळते. पडद्यावर राम दिसताच लोक पायांतले जोडे काढून ठेवीत. खेळ सकाळी सुरू होत ते मध्यरात्र उलटेपर्यंत चालत. तिकिटांची नाणी पोत्यांत भरून, पोलीस-पहाऱ्यात, बैलगाडीने न्यावी लागली. या आख्यायिका खऱ्या असोत वा सांगता सांगता वाढलेल्या असोत, त्यांनी चित्रपटाची जागाच घेतली आहे. भाविकांनी पाहिलेला म्हणून तो भक्तिपट, आणि भक्तिपट म्हटला की त्याच्या नाट्याचा विचार करण्याचे कारण उरत नाही. 'पौराणिक' हा शब्द वस्तुतः वर्गीकरणाचा; मराठी चित्रपटसमीक्षेत मात्र तो बहुधा निवाड्यासारखा वापरला जातो. पौराणिक म्हणजे प्रेमकथा नव्हे, सामाजिक नव्हे, मानसशास्त्राला जागा नसलेले असे काहीतरी, अशी एक न उच्चारलेली समजूत त्यामागे असते.

या समजुतीला 'लंकादहन'चे कथानकच छेद देते. नावे क्षणभर बाजूला ठेवली तर उरते ते असे : समुद्राने वेढलेल्या एका बेटावर एक स्त्री अडकलेली आहे, तिचा पती मुख्य भूमीवर आहे, बेटाचा स्वामी तिची अभिलाषा धरून आहे आणि त्याने तिला मुदत घातली आहे, समुद्र ओलांडून एक निरोप्या येतो, खूण पटवतो, प्रतिखूण घेऊन जातो आणि जाताना बेट पेटवून देतो. कोणत्याही देशातल्या मूकपटाच्या जाहिरातीत हे कथानक उष्ण कटिबंधातील बेटावरचे प्रेमनाट्य म्हणूनच छापले गेले असते. रामायणातील एवढाच तुकडा निवडण्यात फाळके यांची नाट्यदृष्टी आहे. राज्याभिषेक, वनवास, युद्ध, विजय हे सारे वगळून त्यांनी नेमका विरहाचा भाग घेतला. त्या विरहाचे स्थान बेट आहे ही गोष्ट केवळ कथेतून आलेली, म्हणून दुय्यम, असे मानण्याचे कारण नाही.

मूकपटांच्या काळात पाश्चात्त्य चित्रपटाला बेटांचे मोठे वेड होते. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा सामोआ बेटावरील 'मोआना' १९२६ सालचा. ताहितीत चित्रित झालेला 'व्हाइट शॅडोज इन द साउथ सीज' १९२८ सालचा. या परंपरेचे शिखर म्हणजे एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा 'ताबू' (१९३१). फिल्म सोसायट्यांच्या चळवळीत घडलेल्या मराठी रसिकाला 'लंकादहन'पेक्षा 'ताबू'च अधिक परिचित असावा, आणि यात त्याचा दोष नाही. 'ताबू' अखंड उपलब्ध आहे, तर 'लंकादहन'चे काही मिनिटांचे अवशेषच हाती उरले आहेत. ('कालिया मर्दन' आणि फाळके यांच्या इतर मूकपटांचे जे काही जपले गेले त्याचे श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आणि विशेषतः पी. के. नायर यांना द्यावयास हवे.) तरीही हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे आहे, कारण त्यांच्यातील बेटांचे अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

'ताबू'चे दोन भाग आहेत : पहिला नंदनवनाचा, दुसरा हरवलेल्या नंदनवनाचा. बोरा-बोरा बेटावर मताही आणि रेरी हे तरुण-तरुणी परस्परांवर अनुरक्त होतात. रेरीची निवड देवतेची पवित्र कुमारिका म्हणून होते. यापुढे तिला स्पर्श करणे निषिद्ध. वृद्ध हितू हा आदेश घेऊन येतो. दोघे पळून फ्रेंच अमलाखालील दुसऱ्या बेटावर जातात, तेथे मताही मोती काढणारा पाणबुड्या होतो, मेजवानीच्या बिलांवर अर्थ न कळता सह्या करतो आणि कर्जात सापडतो. शेवटी मताहीच्या जिवासाठी रेरी हितूबरोबर परत निघते. मताही तिच्या नावेमागे पोहत जातो, नावेची दोरी पकडतो, हितू ती दोरी कापतो, आणि समुद्र मताहीला गिळतो. या चित्रपटात रूढ अर्थाच्या पाट्या जवळजवळ नाहीत. जे काही वाचावयाचे ते कथेच्या आतच लिहिलेले असते : आदेशाची गुंडाळी, बिले, अंमलदाराची नोंदवही, रेरीचे निरोपाचे पत्र, पाण्यात रोवलेली निषेधाची पाटी. बोलता न येणाऱ्या माध्यमात मुर्नाऊ यांनी लिखित चिन्हालाच नियतीचे रूप दिले आहे. तेथे प्रत्येक लेख कोणाला तरी बांधतो. सोडविणारा लेख एकही नाही.

बेट म्हणजे समाजाच्या, कायद्याच्या, लेखनाच्या आधीचे स्थळ, आणि प्रेम तेथेच शक्य आहे, ही या साऱ्या परंपरेची मूळ धारणा. तिच्यात युरोपीय मनाचे स्वतःविषयीचे दुःख आहे. बेटावरील माणसाविषयीची माहिती त्या मानाने थोडी आहे. 'लंकादहन'मधील बेट नंदनवन नाही. ते सुवर्णनगरी आहे. तेथे राजवाडा आहे, पहारा आहे, राजाज्ञा आहे. प्रेमाचे स्थळ बेटाबाहेर, मुख्य भूमीवरच्या अरण्यात आहे. पर्णकुटी तिकडे आहे. लंकेत अशोकवन आहे खरे, पण वन हे येथे उद्दीपन-विभावाचे काम उलट्या बाजूने करते : फुललेली झाडे मीलनाची साक्ष देत नाहीत, ती सीतेला पंचवटीची आठवण देतात. पाश्चात्त्य बेटपटांतील प्रेमिक बेटावरून बाहेर पडले की नष्ट होतात. सीतेला बेटावरून बाहेर काढणे हाच येथे कथेचा हेतू आहे.

हा उलटा अर्थ कोठून येतो हे पाहण्यासाठी चित्रपट जेथे तयार झाला त्या प्रदेशाकडे पाहावयास हवे. १९१३ साली फाळके यांनी आपले बिऱ्हाड मुंबईहून नाशिकला हलविले आणि 'लंकादहन'चे चित्रीकरण तेथेच झाले. नाशिकची पंचवटी सर्वज्ञात आहे. पण पंचवटीभोवती रामकथेचा जो भूगोल लोकमानसाने आखून ठेवला आहे तो बराच विस्तृत असून त्याची दक्षिण बाजू अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्यात येते. अकोल्याला प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. रामाने येथे येऊन अगस्तींचे दर्शन घेतले आणि रावणवधाचा बाण येथूनच मिळविला, अशी तेथील श्रद्धा आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडातही पंचवटीला जाण्यापूर्वी राम अगस्तींना भेटतो, शस्त्रे घेतो आणि पंचवटीत राहण्याची सूचनाही अगस्तीच करतात. त्यामुळे लोकश्रद्धेची ही वाट काव्याच्या वाटेला धरूनच चालते. अकोल्याच्या वायव्येस, इगतपुरी तालुक्याच्या हद्दीत, टाकेद आहे. जटायू तेथे पडला असे मानतात. आणि अकोले तालुक्यातच, आढळा नदीच्या काठी, यादवकालीन देवीमंदिरासाठी ओळखले जाणारे टाहाकारी हे गाव आहे. रावण सीतेला घेऊन जात असताना तिने येथे टाहो फोडला, म्हणून हे टाहाकारी, अशी नावाची लोकव्युत्पत्ती आहे.

व्युत्पत्तिशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य होईल की नाही हा वेगळा प्रश्न आहे. साहित्यविचाराला तिचे महत्त्व असे, की एका आक्रोशाचे येथे स्थळात रूपांतर झाले आहे. सीता गेली, रथ गेला, पण तिचा आवाज गावाच्या नावात राहिला. या प्रदेशातील प्रेक्षकाला रामायणातील अपहरण ही 'कुठेतरी' घडलेली घटना वाटत नाही. ती कोणत्या नदीवरून, कोणत्या डोंगरावरून गेली हे त्याला दाखविता येते. त्या वाटेचे एकच टोक त्याच्या नकाशाबाहेर आहे, आणि ते म्हणजे लंका. घाटमाथ्यावरच्या या मुलखात समुद्र नाही. आहेत त्या अगस्तींनी समुद्र आचमनात पिऊन टाकल्याची कथा आहे! समुद्र येथे देवाने एकदा पिऊन संपविलेली वस्तू आहे. ती पाहावयाची तर घाट उतरून जावे लागते. अशा प्रेक्षकाला पडद्यावर समुद्रापलीकडचे बेट दाखविणे म्हणजे त्याच्या पायाखालच्या नकाशाचे गहाळ पान आणून देणे होते. फाळके यांच्या प्रेक्षकांचा सारा भक्तिभाव मान्य केला तरी या कुतूहलाचा हिशेब राहतोच.

यातली गंमत अशी, की लंका आणि मुख्य भूमी हे दोन्ही प्रदेश नाशिकच्याच मातीवर उभे राहिले. मुर्नाऊ प्रत्यक्ष बोरा-बोराला गेले आणि पडद्यावर दिसणारी माणसे, थोडे अपवाद सोडता, बेटावरचीच आहेत असे त्यांनी आरंभीच जाहीर केले. फाळके यांना सिलोनला जाण्याची गरज भासली नाही. त्यांच्या चित्रपटात बेट भूगोलाने सिद्ध होत नाही, ते तंत्राने सिद्ध होते : रंगविलेली नगरी, उड्डाण करणारा हनुमान, चित्रचौकटींची जोडणी. चित्रकला, छायाचित्रण, शिळाछपाई आणि जादूचे प्रयोग एवढ्या विद्या शिकलेल्या माणसाने अंतर निर्माण करण्यासाठी कात्री वापरावी हे स्वाभाविक होते. दोन चौकटींमध्ये जे दिसत नाही तोच समुद्र.

आता टाहोकडे परत यावयास हवे, कारण मूकपटापुढचा खरा पेच तेथे आहे. रामायणाच्या लोकपरंपरेत सीतेचा विरह हा प्रामुख्याने ऐकण्याचा विषय आहे. एकनाथांच्या 'भावार्थ रामायणा'च्या पठणातून, कीर्तनातून, जात्यावर दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांतून तो ऐकला गेला. १९१७ सालच्या मराठी प्रेक्षकाला तर रंगभूमीवरही स्त्रीचे प्रेम गाण्यातूनच कळण्याची सवय होती. १९१६च्या अखेरीस रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'स्वयंवर'मधील बालगंधर्वांची रुक्मिणी हे याचे सर्वोत्तम उदाहरण. पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे हे त्या प्रेक्षकाला खटकत नव्हते. पण बालगंधर्वांचे स्त्रीत्व जेवढे वेशभूषेत आणि हालचालीत होते तेवढेच, किंबहुना अधिक, त्यांच्या गळ्यात होते. 'लंकादहन'मधील सीता अण्णा साळुंके यांनी केली. मुंबईच्या एका उपाहारगृहातून फाळके यांनी उचललेला हा तरुण 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाला होता. त्यांच्याजवळ स्त्रीपार्टी नटाचे सर्वांत मोठे साधन, म्हणजे आवाज, असूनही उपयोगाचे नव्हते. सीतेच्या दंडावरचे स्नायू दिसतात म्हणून आजचा प्रेक्षक हसतो. त्या हसण्यात हे निसटते की गळा काढून घेतल्यावर स्त्रीत्वाचा सारा भार मान, खांदे आणि हात यांवर येऊन पडलेला आहे. अशोकवनात झाडाखाली बसलेल्या सीतेचे जे काही अवशेषांत उरले आहे त्यात तिच्या शरीराची मिटलेली ठेवण हाच तिचा टाहो आहे.

स्त्रिया मिळत नव्हत्या म्हणून पुरुष घेतले, हे नेहमीचे स्पष्टीकरण 'लंकादहन'च्या बाबतीत अर्धेच खरे आहे. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये (१९१३) दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले होते. म्हणजे पडद्यावर स्त्री येऊन चार वर्षे झाली होती. शिवाय साळुंके यांनी या चित्रपटात केवळ सीताच केली असे नाही, रामही त्यांनीच केला. भारतीय चित्रपटातील पहिली दुहेरी भूमिका म्हणून या गोष्टीची नोंद होते आणि बहुधा तेथेच थांबते. नोंद विक्रमाची होते, अर्थाची होत नाही. वस्तुतः हे कथानक दुहेरी भूमिकेला जितके अनुकूल आहे तितके दुसरे क्वचित सापडेल, कारण त्यात राम आणि सीता यांनी एकत्र येण्याची गरजच नाही. एक समुद्राच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. ज्यांना भेटावयाचे आहे त्यांचे शरीर एकच असावे आणि म्हणूनच त्यांनी एका चौकटीत येऊ नये, ही विरहाची विलक्षण कठोर प्रतिमा आहे. फाळके यांनी ती हेतुपुरस्सर योजली असा दावा करण्याचे कारण नाही. नटांची टंचाई, खर्चाची तंगी, साळुंके यांच्यावरचा भरवसा यांतून ती आली असणेच अधिक संभवनीय. कृतीत अर्थ कोणत्या दाराने आला याची चौकशी चरित्रकाराने करावी. समीक्षकाला तो कृतीत आहे एवढे पुरे.

राम आणि सीता यांच्यातील अंतर ओलांडते ती मुद्रिका. येथे 'ताबू'शी तुलना पुन्हा उपयोगी पडते. मुर्नाऊ यांच्या चित्रपटात चिन्ह म्हणजे लेख. ते वाचता आले नाही की माणूस फसतो, वाचता आले की बांधला जातो. फाळके यांच्या चित्रपटातील मध्यवर्ती चिन्ह वाचावे लागत नाही. अंगठी ओळखावी लागते. ज्या प्रेक्षकवर्गात पाट्या वाचू शकणारे थोडे आणि शेजाऱ्याकडून त्या ऐकणारे पुष्कळ, तेथे कथेची सारी मदार एका डोळ्यांना पटणाऱ्या वस्तूवर असणे ही केवढी सोय होती हे सहज लक्षात येईल. पण सोयीपलीकडेही तिचे कार्य आहे. भरताने करुण आणि विप्रलंभ यांतील भेद निरपेक्षता आणि सापेक्षता या शब्दांत सांगितला आहे. प्रिय व्यक्ती पुन्हा भेटण्याची आशाच उरली नसेल तर तो शोक, करुण; आशा उरली असेल तर ती व्याकुळता शृंगाराचीच. मुद्रिका हाती येईपर्यंत अशोकवनातील सीता करुणाच्या काठावर उभी आहे. रावणाने दिलेल्या मुदतीतील, वाल्मीकींच्या हिशेबाने, दोनच महिने उरले आहेत. मुद्रिका दिसते आणि रस बदलतो. परिस्थितीत तर काहीच बदललेले नसते : बेट तेच, पहारा तोच, समुद्र तेवढाच. तरीही करुण मागे सरून विप्रलंभ पुन्हा सुरू होतो. उलट दिशेने चूडामणी जातो आणि पलीकडच्या तीरावरही तेच घडते. 'ताबू' संभोगशृंगारातून निघून करुणात बुडतो. 'लंकादहन' करुणाच्या तोंडून परत शृंगारात येतो. म्हणूनच त्याला प्रेमपट म्हणावयाचे. प्रेमिकांनी झाडामागे धावावे अशी त्याची अट नाही.

या बेटाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो १९१७ सालच्या नाशिकमध्ये कोणालाही समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग चालू असताना कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. त्यानंतरच्या खटल्यांनी हे शहर ढवळून निघाले. गणेश आणि विनायक हे सावरकर बंधू 'लंकादहन' प्रदर्शित झाला त्या वर्षी अंदमानात होते आणि त्यांच्या पत्नी इकडे मुख्य भूमीवर. शिक्षेचे नावच 'द्वीपांतर' होते. समुद्रापलीकडच्या एका बेटावर परक्या राजाने आपले माणूस डांबले आहे आणि त्याच्याकडून एखादी खूण यावी याची वाट पाहिली जात आहे, ही स्थिती पुराणातली नव्हती, ती शेजारच्या आळीतली होती. 'लंकादहन'ला राजकीय रूपक ठरविण्याचा मोह मात्र आवरावयास हवा. रूपकात एकास एक जुळणी लागते, आणि येथे बेटावर अडकलेली स्त्री आहे, तीरावर वाट पाहणारा पुरुष; वास्तवात हे उलट होते. परंतु शब्दाच्या पोटातला अर्थ जुळणीशिवायही काम करतो. मराठी प्रेक्षकाच्या मनात 'बेट' या शब्दाला त्या दशकात जो काळा रंग चढला होता तो पाहता, त्याला बेटाचे नंदनवन दिसणे अशक्यच होते.

या विवेचनावर एक आक्षेप अपेक्षित आहे. जोडे काढून बसलेला प्रेक्षक सीतेच्या शृंगाराचा आस्वाद घेत होता असे म्हणणे त्याच्या श्रद्धेचा अपमान नव्हे काय? या आक्षेपात भक्ती आणि शृंगार यांच्यात जी भिंत गृहीत धरली आहे ती मराठी परंपरेत फारशी उंच नाही. विठ्ठलाच्या विराण्या गाणाऱ्या समाजाला विरह भक्तीच्या बाहेरचा वाटत नाही. शिवाय जोडे रामासाठी काढले जात. बेटावरच्या त्या मिटून बसलेल्या स्त्रीकडे पाहताना काय होत असे, याविषयी एकाही आख्यायिकेने काही सांगितलेले नाही. आख्यायिका पुरुषांनी सांगितल्या हे त्याचे कारण असू शकेल. टाहाकारीच्या नावातील आवाज ज्यांनी पिढ्यानपिढ्या सांगून जपला त्यांत बायकाच अधिक असाव्यात असे मानण्यास हरकत नाही, आणि त्यांचे पाहणे हे वेगळे पाहणे असणार.

कथेचा शेवट कोठे केला यालाही या दृष्टीने महत्त्व आहे. फाळके यांनी निवडलेला भाग दहनापाशी संपतो. रामायणात सीतेच्या वाट्याला पुढे आणखी एक अग्नी आहे, पण तो या चित्रपटाच्या शीर्षकात बसत नाही. येथे आगीत जाते ती नगरी. अशोकवनातील स्त्रीला ती स्पर्श करीत नाही. पुढे १९३२ साली फाळके यांनी 'सेतुबंधन' हा मूकपट केला तेव्हा बोलपट येऊन वर्ष झाले होते, आणि त्या चित्रपटाला मागाहून आवाज चढवावा लागला. तोवर अण्णा साळुंके पडद्यावरून दूर गेले होते. रामायणातल्या समुद्रावर पूल झाला तो आवाजाच्या काळात; 'लंकादहन'मधील सीता मात्र त्या काही मिनिटांच्या फितीत बेटावरच, झाडाखाली, मुद्रिकेकडे पाहत बसलेली राहिली आहे.